हलकेपणाचे ओझे : पाहुण्या लिनक्सचा एक इतिहास

मराठीत 'हलका' हे विशेषण दुधारी आहे. हलका हात कौतुकाचा, हलका कान निंदेचा. मन हलके झाले तर सुटका, माणूस हलका ठरला तर अप्रतिष्ठा. 'लाघव' या संस्कृत शब्दाला मात्र व्याकरणशास्त्राने मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. सूत्रातील अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, अशी परंपरेची समजूत आहे. या लाघवामागचे रहस्य पाणिनीच्या अभ्यासकांना ठाऊक असते. मागच्या सूत्रातील पद अनुवृत्तीने पुढे येते. संज्ञा आणि परिभाषा आधीच ठरवून घेतलेल्या असतात. उरलेला अर्थ वृत्ती आणि भाष्ये सांभाळतात. सूत्र आखूड राहते, कारण त्याचा भार अन्यत्र कोणीतरी वाहत असते.

संगणकाच्या क्षेत्रात गेली तीसहून अधिक वर्षे 'हलक्या लिनक्स'चा जो शोध चालू आहे, त्याकडे आम्ही याच दृष्टीने पाहू इच्छितो. साहित्याच्या अध्यापकांना या विषयाशी काय कर्तव्य, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचे उत्तर सरळ आहे. मजकुरातील शब्दांची वारंवारिता मोजणे, सूची तयार करणे, जुने छापील पान यंत्राकडून वाचून घेणे अशी कामे आता भाषाविभागांतही होऊ लागली आहेत, आणि त्यांसाठी लागणारी अनेक मुक्त साधने लिनक्सवर विनासायास चालतात. विभागातील संगणकावर मात्र विंडोज असते, ते पुसून टाकण्याची मुभा नसते, आणि यंत्राची स्मृती बेताचीच असते. अशा वेळी विंडोजच्या पोटातच एक 'व्हर्च्युअल मशीन', म्हणजे आभासी यंत्र, उभारून त्यात लिनक्स बसवावे असे सुचवले जाते. लिनक्सची 'वितरणे', बोलीभाषेतील 'डिस्ट्रो', शेकड्यांनी आहेत. कोणते घ्यावे, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : सर्वांत हलके असेल ते.

हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. ते कोठे अपुरे पडते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१

आभासी यंत्र ही कल्पना लिनक्सहून बरीच जुनी आहे. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील शास्त्रीय केंद्रात १९६७ मध्ये 'सीपी-४०' ही प्रणाली कार्यान्वित झाली. एकाच महागड्या संगणकाचे ती अनेक काल्पनिक संगणकांत विभाजन करी, आणि प्रत्येक वापरकर्त्याला वाटे की संपूर्ण यंत्र आपल्या एकट्याचेच आहे. तिचा वारसा 'सीपी-६७' मधून १९७२ च्या 'व्हीएम/३७०' पर्यंत आला.

आमच्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो या काल्पनिक संगणकांत चालणारा पाहुणा. त्याचे नाव 'सीएमएस'. ही एकाच माणसापुरती, साधी आणि आटोपशीर प्रणाली होती. अनेकांनी एकाच वेळी यंत्र वापरायचे तर एकाचे काम दुसऱ्यापासून सुरक्षित ठेवणे, वेळेची वाटणी करणे, भांडणे मिटवणे हा फार मोठा व्याप असतो. सीएमएसने तो व्याप अंगावर घेतलाच नाही, कारण खाली बसलेली सीपी तो सांभाळत होती. आभासी यंत्रातील पहिल्या हलक्या पाहुण्याचा हलकेपणा हा असा यजमानाच्या भरवशावरचा होता. पुढील साठ वर्षांच्या इतिहासात तंत्रे बदलली, आकडे बदलले. हा संबंध बदलला नाही.

२

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे 'कर्नल', प्रसिद्ध केला तेव्हा हलकेपणा हा आवडीचा प्रश्नच नव्हता. सर्व काही फ्लॉपीवर मावणे भाग होते, आणि फ्लॉपीची धारणशक्ती १.४४ मेगाबाइट. आरंभीच्या काळात एच. जे. लू यांच्या 'बूट' आणि 'रूट' अशा दोन फ्लॉप्यांवरून लोक लिनक्स सुरू करीत. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन ही दोन वितरणे निघाली व ती आजही चालू आहेत.

डेबियनची स्थापना करणारी आणि बिघाड झाल्यास यंत्र वाचवणारी संपूर्ण प्रणाली एकाच फ्लॉपीवर बसवता यावी, या गरजेतून ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ च्या सुमारास 'बिझीबॉक्स' लिहिला. युनिक्स परंपरेत प्रत्येक छोट्या कामाला स्वतंत्र आज्ञावली असते : यादी दाखवणारी वेगळी, नक्कल करणारी वेगळी, क्रम लावणारी वेगळी. बिझीबॉक्सने त्या साऱ्या एकाच आज्ञावलीत गुंफल्या. ज्या नावाने हाक मारावी ते काम ती करते. बहुरूप्याने एकाच अंगावर अनेक सोंगे आणावीत तसे. मात्र प्रत्येक सोंगात थोडी काटछाट असते. मूळ आज्ञावलीचे दुर्मिळ पर्याय बिझीबॉक्समध्ये आढळत नाहीत. टॉम ओह्सर यांच्या 'टॉम्सआरटीबीटी' या वितरणाने तर फ्लॉपीचीच वेगळ्या तऱ्हेने आखणी करून तिच्यात १.७२२ मेगाबाइट बसवले.

या काळातील काटकसरीला एक नैतिक स्वच्छता होती. मर्यादा वस्तूची होती, ती सर्वांना सारखी होती, आणि काय गाळले ते सर्वांना दिसत होते.

३

सीडी आली आणि मर्यादा सैल झाली. क्लाउस क्नॉपर यांचे 'नॉपिक्स' २००० मध्ये निघाले. सीडीवरून थेट चालणारे संपूर्ण लिनक्स हा तेव्हा चमत्कार वाटे. आता हलकेपणा सक्तीचा राहिला नव्हता. तो निवडीचा झाला, आणि निवड आली की तत्त्व आले. जॉन अँड्र्यूज यांच्या 'डॅम स्मॉल लिनक्स' या वितरणाने नॉपिक्सचा आधार घेऊन स्वतःवर ५० मेगाबाइटची मर्यादा घालून घेतली. भेटपत्राच्या आकाराच्या छोट्या सीडीवर मावावे, हा तिचा हिशेब. ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये 'पपी' आणले. ते स्वतःला संपूर्णपणे स्मृतीत उचलून घेई आणि टाकाऊ ठरलेल्या यंत्रांत पुन्हा जीव आणी. डॅम स्मॉलच्या उभारणीत सहभागी असलेले रॉबर्ट शिंगलडेकर यांनी पुढे वेगळी वाट धरली. त्यांच्या 'टायनी कोअर'ची पहिली आवृत्ती जानेवारी २००९ मध्ये आली. ती होती सुमारे १० मेगाबाइटची. तिच्यात आरंभी जवळजवळ काहीच नव्हते. जे हवे ते वापरणाऱ्याने मागून घ्यावे, ही तिची भूमिका.

या वितरणांचा मूळ उद्देश जुन्या, गरीब यंत्राला जगवणे हा होता. परंतु डॅम स्मॉलने एक गोष्ट अशी केली की जिच्यामुळे तिचे नाव आमच्या कथेत विशेष महत्त्वाचे ठरते. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये 'क्यूएमू' ही एका यंत्रात दुसऱ्या यंत्राची नक्कल उभी करणारी आज्ञावली प्रसिद्ध केली होती. डॅम स्मॉलने क्यूएमू आपल्यासोबत बांधून एक गाठोडे तयार केले. ते यूएसबी काडीवर ठेवावे आणि कोणाच्याही विंडोजमध्ये उघडावे. खिडकीत लिनक्स चालू. गरीब यंत्रासाठी शिवलेले कपडे पाहुण्यालाही नेमके बसतात, हे येथे दिसून आले.

४

तोपर्यंत आभासी यंत्र घरगुती संगणकावर पोचले होते. व्हीएमवेअर कंपनीचे 'वर्कस्टेशन' १९९९ चे. केंब्रिज विद्यापीठातील 'झेन' २००३ चे. इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये आभासी यंत्रांना साह्य करणाऱ्या सोयी प्रत्यक्ष प्रोसेसरमध्येच आणल्या. २००७ मध्ये 'केव्हीएम' हा भाग लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला, आणि त्याच वर्षी इनोटेक कंपनीने 'व्हर्च्युअलबॉक्स'ची मुक्त आवृत्ती दिली. ती पुढे सन आणि नंतर ओरॅकल या कंपन्यांकडे गेली.

या टप्प्यावर 'हलके' या शब्दाचा अर्थ मुळातून पालटला. जुन्या यंत्रावरील हलके वितरण विचित्र, विस्मृत सुट्या भागांशी जुळवून घेते. त्यामुळे नाना तऱ्हांची ध्वनिपत्रे आणि नेटवर्कपत्रे ओळखणारे 'ड्रायव्हर' त्याला बरोबर बाळगावे लागतात. आभासी यंत्रातील सुटे भाग मात्र कल्पित आणि मोजके असतात. पुढे तर यजमान आणि पाहुणा यांच्यात थेट समजुतीचा 'व्हर्टआयओ' हा संकेतच ठरला. पाहुण्याने खऱ्या डिस्कचे सोंग खरे मानण्याची गरज उरली नाही. तो सरळ यजमानाकडे मागणी नोंदवतो. अल्पाइन लिनक्स हे वितरण आज 'व्हर्च्युअल' नावाची एक निराळी आवृत्तीच देते. तिच्यातील कर्नल आभासी यंत्रापुरता छाटलेला असतो. ती एखाद्या जुन्या, खऱ्या संगणकावर घातली तर कदाचित त्याला त्याचे सुटे भागही ओळखता येणार नाहीत. जुन्या यंत्राचा हलकेपणा आणि पाहुण्याचा हलकेपणा हे असे दोन भिन्न गुण आहेत. एका नावाखाली ते मोडतात एवढेच.

अल्पाइनचा जन्म मनोरंजक आहे. नतानाएल कोपा यांनी २००५ च्या सुमारास ते सुरू केले, ते 'लीफ' नावाच्या प्रकल्पातून फुटून. लीफच्या मंडळींना एका फ्लॉपीवर मावण्याचा नेम सोडायचा नव्हता. अल्पाइनला काही जड साधने हवी होती. आज हलकेपणाचा आदर्श म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, ते वितरण असे थोडे जड होण्याच्या इच्छेतून जन्मले. २०१४ मध्ये त्याने 'मसल' हे आटोपशीर सी-ग्रंथालय स्वीकारले आणि बिझीबॉक्स तर त्यात होताच. १९९५ ची फ्लॉपी या वाटेने आजच्या आभासी यंत्रांत नांदते आहे.

५

येथवरच्या इतिहासात आमची भाषा कोठेच आली नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. ती येते गाळलेल्या वस्तूंच्या यादीत.

देवनागरी पडद्यावर दिसावी यासाठी फाँट पुरेसा नसतो. 'कि' मधील वेलांटी उच्चारात नंतर येते आणि लेखनात आधी. 'स्त्री'ची तीन व्यंजने एका आकृतीत मिसळतात. ही जुळणी करणारे यंत्र वेगळे असते. लिनक्सच्या जगात 'पँगो' हे जुळणीयंत्र २००२ मध्ये जीटीके-२ सोबत सर्वत्र पोचले. आज तिच्या तळाशी 'हार्फबझ' काम करते. त्या नावातील 'हर्फ' म्हणजे आपल्या बखरकालीन मराठीला परिचित असलेला 'हरफ', अक्षर. परंतु डॅम स्मॉलने जागा वाचवण्यासाठी जुन्या जीटीके-१ वरील साधने पसंत केली होती. टायनी कोअरच्या पडद्यावरील साधने 'एफएलटीके' या छोट्या संचावर उभी आहेत. त्या संचात यूटीएफ-८ ची सोय २०११ च्या १.३ आवृत्तीत आली, आणि भारतीय लिप्यांची जुळणी तेव्हाही आली नाही. लिनक्सचा नुसता मजकुराचा काळा पडदा एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकृत्या बाळगतो आणि त्यांची जुळणी करीत नाही. ज्याला रोमन लिपीतच लिहायचे आहे त्याच्या दृष्टीने यात काहीही गाळलेले नाही.

मराठीच्या गरजा तर देवनागरीतही निराळ्या. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील भेद रफार आणि अर्धचंद्राकृती 'र' यांवर अवलंबून असतो. तो भेद पडद्यावर मिटला तर समुद्राच्या डोंगरदऱ्या होतात आणि गुरुवर्य स्वयंपाकघरात जातात. हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट आहे, पण संहितेच्या संपादकाने हसून भागत नाही.

याहून गंभीर प्रश्न वर्णक्रमाचा. युनिकोडच्या क्रमांकांत 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे बसतो. मराठी वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. कलम, कवन, कसर, कहर, कळस हा आपला क्रम. नुसत्या क्रमांकांवर विसंबणारे यंत्र कलम, कळस, कवन, कसर, कहर असा क्रम लावील. मसलच्या १.२ मालिकेत शब्दांची तुलना अशीच क्रमांकांवरून होते; भाषावार क्रमाची व्यवस्था त्या लाघवात बसलेली नाही. युनिकोड संस्थेच्या 'सीएलडीआर' या संग्रहात मराठीसाठी 'ह'नंतर 'ळ' असा नियम रीतसर नोंदलेला आहे, आणि 'आयसीयू' हे ग्रंथालय तो नियम वापरणाऱ्याच्या हाती देते. परंतु २०२२ मधील अल्पाइन ३.१६ पासून आयसीयूच्या भाषाविषयक सामग्रीचे दोन भाग केले गेले : केवळ इंग्रजीचा सुमारे २.६ मेगाबाइटचा एक, आणि सर्व भाषांचा सुमारे २९ मेगाबाइटचा दुसरा. पहिला आपोआप येतो. दुसरा मागावा लागतो.

यात कोणाचा दुष्टावा आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. हा बदल उघडपणे जाहीर केलेला आहे, आणि दुसरा भाग एका आज्ञेने मिळतो. पण ती आज्ञा द्यावी लागते हे ज्याला माहीत नाही, त्या विद्यार्थ्याच्या पदरात चुकीची सूची पडते. तो वितरणाला दोष देत नाही, कारण तेथे काही गाळले गेले आहे याचा त्याला पत्ताच नसतो. तो म्हणतो, मराठी संगणकाला जड जाते. हा निष्कर्ष आम्ही वर्गात अनेकदा ऐकला आहे, आणि भाषेच्या अध्यापकांनी या कोरड्या विषयात का पडावे याचे आमचे खरे कारण तेच आहे. देवनागरीचा एक फाँट मेगाबाइटच्या आत मावतो. रेड हॅटने प्रसिद्ध केलेली 'लोहित' ही मालिका २०११ पासून मुक्त फाँट परवान्याखाली आहे आणि डेबियनसारख्या वितरणांत सहज मिळते. जड आपली भाषा नाही. तिची सामग्री कोणाच्या खांद्यावर ठेवायची, हे फक्त ठरलेले नसते.

६

आणखी एक भार आहे, तो माणसांचा. छोटी वितरणे बहुधा एकदोन व्यक्तींच्या चिकाटीवर चालतात. फिलिप न्यूबरो यांनी 'क्रंचबँग' हे लोकप्रिय हलके वितरण फेब्रुवारी २०१५ मध्ये थांबवले. मूळ डेबियनच आता पुरेसे सोपे झाले आहे, हा त्यांचा विचार होता. कॉलर २०१३ मध्ये पपीच्या नेतृत्वातून निवृत्त झाले. लुबुंटूने २०१८ मध्ये जुन्या यंत्रांवरचा भर सोडला. डॅम स्मॉल दीर्घ मौनानंतर २०२४ मध्ये परतले, तेव्हा मर्यादा ५० ऐवजी ७०० मेगाबाइटची होती. आजचे ब्राउझर ५० मध्ये मावणे शक्यच नव्हते. खुद्द लिनक्सच्या कर्नलने २०१३ मधील ३.८ आवृत्तीत ३८६ प्रोसेसरचा आधार काढून घेतला. टॉरवाल्ड्स यांनी पहिला कर्नल लिहिला तो ३८६ वरच. २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसींसाठीची स्थापना बंद झाली. जुन्या यंत्राचा हलकेपणा मागे पडतो आहे आणि पाहुण्याचा हलकेपणा वाढतो आहे, असे या साऱ्या घटना एकत्र ठेवल्यावर दिसते.

मग निवड कशी करावी? आमच्या मते मेगाबाइट मोजण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. यातून काय गाळले आहे? गाळलेल्याचा भार कोण वाहणार आहे? आणि हे वितरण सांभाळणारी माणसे किती आहेत?

पाहुण्याकडून केवळ पडद्याआडचे काम घ्यायचे असेल, म्हणजे शब्द मोजणे, फायली रूपांतरित करणे, तर अल्पाइनची व्हर्च्युअल आवृत्ती उत्तम. लिपी दाखवण्याचे काम यजमानाकडे सोपवावे : निकालाची फाईल विंडोजमध्ये उघडावी, जेथे फाँट आणि जुळणी आधीच हजर आहेत. सीएमएसने सीपीवर विसंबावे तसाच हा व्यवहार आहे. मात्र वर्णक्रम लावायचा असल्यास आयसीयूची संपूर्ण सामग्री न विसरता मागून घ्यावी. पाहुण्याच्या खिडकीतच मराठी वाचायची-लिहायची असेल, तर डेबियनची किमान स्थापना करून तिच्यावर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखे आटोपशीर दर्शनी रूप आणि लोहित देवनागरी बसवावे. डेबियनमागे शेकडो स्वयंसेवक आहेत. एकाने काम सोडले म्हणून विभागाचा प्रकल्प अडत नाही. ब्राउझर तेवढा यजमानाकडेच राहू द्यावा, कारण स्मृतीचा मोठा घास तोच घेतो. टायनी कोअर प्रणालीची रचना शिकण्यासाठी अप्रतिम आहे. रिकाम्या घरात एकेक वस्तू आणताना घर कशाने होते ते कळते. विभागाचे नित्याचे काम मात्र त्यावर टाकू नये.

स्थापना झाल्यावर पहिली परीक्षा पाच शब्दांची घ्यावी. 'दर्या' आणि 'दऱ्या' टंकून ते वेगळे दिसतात की नाही पाहावे. मग 'कळस', 'कहर', 'कलम' यांना क्रम लावायला सांगावे. 'कळस' शेवटी आला, तर त्या वितरणात मराठीला जागा आहे. मध्येच आला, तर गाळलेली वस्तू कोणती ते आपल्याला ठाऊक आहे, आणि ती कोठे मागायची तेही.